हर्नियाची जाळी पिकू नये म्हणून: ऑपरेशनच्या महिनाभर आधीपासून काय काय सांभाळायचं

"अँटिबायोटिकच्या गोळ्या दहा दिवसांच्या लिहा डॉक्टर. आमच्या साडूची जाळी पिकली होती."

टाके बघायला आलेला पेशंट शर्ट खाली ओढता ओढता हे हमखास म्हणतो. साडूची जाळी (हर्नियावर बसवलेलं प्लॅस्टिकचं ठिगळ) पिकली होती, म्हणजे तिच्यात जंतू शिरून पू झाला होता, यात खोटं काही नसतं. दहा दिवसांच्या गोळ्यांनी ती वाचली असती, हे मात्र मला पटत नाही. तालुक्याच्या गावात वीसेक वर्षं हर्नियाची ऑपरेशनं केल्यावर माझं मत असं झालंय की जंतू जाळीपर्यंत पोचतात ते तीन वाटांनी: पेशंटची कातडी, ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं, पाणी आणि आमचे हात. घरी नेलेल्या गोळ्या या तिन्हींपैकी एकही वाट अडवत नाहीत.

पुढचं सगळं मुख्यतः पेशंट आणि घरच्यांसाठी लिहिलंय. मधला ओटीचा भाग लहान नर्सिंग होममधल्या सिस्टर आणि टेक्निशियनसाठी आहे, पण पेशंटनेही तो वाचावा. डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यात सापडेल.

जाळी पिकते म्हणजे काय होतं

हर्निया, जुन्या माणसांच्या बोलण्यात अंतर्गळ, म्हणजे पोटाच्या भिंतीतली कमजोर जागा. तिथून आतड्याचा किंवा चरबीचा फुगा बाहेर येतो. पूर्वी भोकाच्या दोन कडा ओढून शिवत. ताण पडायचा आणि हर्निया परत यायचा. १९५८ साली अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या जाळीचं ठिगळ वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १९८० च्या दशकात अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन यांनी जांघेच्या हर्नियासाठी बिनताणाची पद्धत रुळवली. आज आपल्याकडे बसते ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची जाळी. घरातले डबे आणि बाजारातल्या दोऱ्या ज्याच्या बनतात तेच हे प्लॅस्टिक, फक्त वैद्यकीय दर्जाचं.

शरीर ते सहन करतं, पण त्याला रक्तपुरवठा नसतो. १९५७ साली इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी माणसांच्या कातडीत मोजून जंतू टोचून पाहिले. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागले. तिथे रेशमाचा एक टाका असेल, तर काहीशे पुरले. परकी वस्तू आत असली की जंतूंचं काम असं सोपं होतं.

जाळीवर पोचलेले जंतू मोकळे फिरत नाहीत. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो, तसा थर ते जाळीच्या धाग्यांवर धरतात आणि त्याखाली बसून राहतात. रक्तातून येणारं अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत धड पोचत नाही. म्हणून जाळी पिकायची असेल तर ती कधी दहाव्या दिवशी पिकते, कधी दहाव्या महिन्यात.

घाबरून जाऊ नका. जांघेच्या साध्या हर्नियात जाळीपर्यंत जाणारा संसर्ग शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतो. पोटावरच्या जुन्या ऑपरेशनच्या जागेतून आलेला मोठा हर्निया असेल, सोबत शुगर आणि वजन असेल, तर धोका बराच वाढतो. अशा पेशंटने पुढची प्रत्येक पायरी मनावर घ्यावी.

महिनाभर आधी

आधी एक अपवाद. फुगा अचानक कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. आतडं अडकलंय. तिथे महिन्याची तयारी नसते, तास मोजायचे असतात.

बाकीच्यांना वेळ आहे, आणि तो वेळ हेच पेशंटच्या हातातलं सगळ्यात मोठं औषध आहे.

तंबाखू किमान चार आठवडे बंद. विडी-सिगारेट तर बंदच, पण गुटखा आणि मिश्रीही. सकाळी मिश्री लावणाऱ्या मावशींना "तंबाखू खाता का?" विचारलं तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. म्हणून मी नाव घेऊनच विचारतो. निकोटीनने कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी मिळतो.

शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या. ती ८ च्या वर असेल तर बिनघाईचं ऑपरेशन मी पुढे ढकलतो. पेशंट नाराज होतो, मुलाने रजा काढलेली असते, तरीही. ऑपरेशनच्या आगेमागे रक्तातली साखर २०० च्या आत राहिली पाहिजे. ज्यांना शुगर नाही असं वाटतं त्यांचीही तपासा. कित्येकांची शुगर हर्नियाच्या निमित्तानेच पहिल्यांदा सापडते.

वजनाचं सांगणं सोपं आणि करणं अवघड. जांघेच्या हर्नियासाठी मी त्यावर अडून बसत नाही. पोटावरच्या मोठ्या हर्नियासाठी बसतो.

आता ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते. जांघेतलं गजकर्ण. दर आठवड्याला निदान एक तरी हर्नियाचा पेशंट असा येतो की फुगा दाखवतो आणि शेजारचा गोल, कडेला लालसर चट्टा सांगतच नाही. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब वर्षभर चाललेली असते. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, चट्ट्याची कड पुसट होते आणि बुरशी खाली सुखाने पसरत राहते. वर कातडी पातळ होते, खाजवून चिरते, आणि चिरलेल्या कातडीत पू करणारे जंतू घर करतात. चीर घ्यायची ती नेमकी याच जागी. त्यात हर्नियाचा पट्टा दिवसभर घट्ट बांधलेला असेल तर खाली घाम साचून कातडी पांढरी, ओलसर झालेली असते.

स्त्रियांमध्ये हीच गोष्ट दोन ठिकाणी सापडते: पोटाच्या घडीखाली, आणि परकराची नाडी जिथे काचते त्या रेषेवर. बेंबीजवळचा किंवा सिझेरियनच्या जुन्या टाक्यांतला हर्निया असेल तर त्या जागा उजेडात नीट बघून घ्या, डॉक्टरांनाही दाखवा. संकोच करण्यासारखं यात काही नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून नुसत्या बुरशीचं औषध घेऊन कातडी पूर्ण स्वच्छ व्हायला कित्येक आठवडे लागतात. ते लागू द्या.

मांडीवरचं बेंड, पायाची जखम, पू झालेली दाढ, लघवीची जळजळ, जुना खोकला, हे सगळं आधी बरं करायचं. शरीरात दुसरीकडे पू असताना बिनघाईची जाळी बसवू नये. प्रोस्टेटमुळे लघवीला जोर लावावा लागत असेल तर तेही सांगा. ऑपरेशननंतर लघवी अडली की नळी घालावी लागते, आणि नळीबरोबर जंतूंना आणखी एक वाट मिळते.

आदली रात्र आणि तो दिवस

आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी साबण लावून आंघोळ. साधा साबण चालतो. जांघ, पोटाच्या घड्या आणि बेंबी घासून धुवायची. बेंबीत वर्षानुवर्षं साठलेला काळा खडा असतो. तो ओटीत टेबलावर निघणं ही आमच्यासाठी वाईट सुरुवात. दोनतीन दिवस आधीपासून तेल लावून मऊ केला तर घरीच निघतो. आंघोळीनंतर धुतलेले कपडे घाला.

केस काढायचे नाहीत. पुन्हा लिहितो: घरी ब्लेड लावायचं नाही. वॉर्डात याला पार्ट प्रिपरेशन म्हणतात, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी आदल्या संध्याकाळी वॉर्डबॉय वस्तरा घेऊन येतो. वस्तऱ्याने कातडीला डोळ्यांना न दिसणारे शेकडो कापे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. कॅनडातल्या क्रूझ आणि फोर्ड यांनी १९८० मध्ये साठ हजारांहून अधिक जखमांचा हिशेब मांडला होता. वस्तरा लावलेल्यांत पिकण्याचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या घरात होतं, केसांना हातच न लावलेल्यांत एका टक्क्याहून कमी. चिरेच्या आड येणारे केस असतील तर ते ऑपरेशनच्या थोडं आधी क्लिपरने, म्हणजे केस बारीक करायच्या मशीनने, कापायचे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची सूचनाही हीच आहे. वॉर्डबॉय वस्तरा घेऊन आलाच तर हात जोडून म्हणा, "दादा, डॉक्टरांना एकदा विचारून या."

त्या दिवशीची दुसरी गोष्ट म्हणजे एकच इंजेक्शन. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक, मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम, शिरेतून, चीर घेण्याच्या आधीच्या तासाभरात. त्या वेळेला सगळी किंमत आहे. कित्येक ठिकाणी काय होतं, तर सकाळी सहाला वॉर्डात सिस्टर सगळ्यांना इंजेक्शनं देऊन मोकळी होते आणि तुमचा नंबर लागतो साडेअकराला. चीर पडते तेव्हा रक्तात औषध पुरेसं उरलेलं नसतं. आमच्याकडे हे इंजेक्शन आता भूलतज्ज्ञच ओटीत देतात आणि वेळ कागदावर लिहितात. ऑपरेशन चार तासांपेक्षा लांबलं तर परत एक डोस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, कधी कधी औषध बदलावं लागतं.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय हर्निया सूचनांनुसार, जिथे संसर्गाचं प्रमाण मुळातच कमी आहे अशा ठिकाणी साध्या पेशंटला जांघेच्या उघड्या (थेट चीर घेऊन केलेल्या) ऑपरेशनात हा एक डोसही लागत नाही, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात तर नाहीच. मी उघड्या ऑपरेशनात देतो. आमची ओटी त्या दर्जाची आहे असं छातीठोक सांगायला माझ्याकडे पुरेसे आकडे नाहीत, म्हणून. पण घरी न्यायच्या पाच दिवसांच्या गोळ्या मी बंद केल्या. त्यांनी जाळीला काही फायदा होत नाही. जुलाब होतात आणि पुढच्या खेपेला लागणारं औषध बोथट होतं. पेशंटला समजावणं गोळ्या लिहिण्यापेक्षा कठीण आहे, हे कबूल.

त्या दिवशीच्या यादीत तुमचा नंबर कितवा, हेही विचारा. जाळीची केस पहिली घ्यायची. मूळव्याध, भगंदर, गळू त्यानंतर. यादी करणाऱ्याला हे ठाऊक असतं, पण ओळखीच्या माणसाचा फोन आला की यादी हलते.

ओटी: पाण्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या ओटीत दुर्बिणीने हर्निया केलेला एक गृहस्थ पाचव्या आठवड्यात परत आला. बेंबीखालच्या टाक्याशी मण्याएवढी गाठ, न दुखणारी, वरची कातडी जांभळट. चार दिवसांनी ती फुटली आणि पातळ पाण्यासारखा पू झरायला लागला. साध्या कल्चरमध्ये (पुवातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काही उगवलं नाही. त्याच महिन्यात दुसरा पेशंट, तीच गाठ. त्याला दुसरीकडे टीबी समजून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू केली होती.

तो टीबी नव्हता. टीबीच्या जंतूंचे हे चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी, ॲबसेसस अशा नावांचे. हे नळाच्या पाण्यात, टाकीत, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. क्लोरीनला दाद देत नाहीत, आणि दुर्बिणीची हत्यारं बुडवायच्या ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणालाही बऱ्याचदा पुरून उरतात.

मी ओटीत उभा राहून हत्यारं कशी धुतली जातात ते पहिल्यांदा नीट बघितलं. द्रावणाच्या ट्रेमधून हत्यार निघायचं आणि शेजारच्या स्टीलच्या ट्रेमध्ये खंगाळलं जायचं. त्या ट्रेमध्ये पाणी होतं फिल्टरचं. "पिण्याचंच पाणी आहे सर, स्वच्छ आहे," असं मुलगा म्हणाला. तो चुकला नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. निर्जंतुक केलेलं हत्यार आम्ही जंतूंच्या पाण्यात बुडवून पोटात घालत होतो. एका पेशंटची जाळी वाचली. दुसऱ्याची काढावी लागली.

तेव्हापासूनची आमची रीत अशी. दुर्बिणीचं हत्यार वापरून झालं की लगेच सुटं करायचं. नळी वेगळी, दांडा वेगळा, जबडा उघडा. सांध्यात वाळलेलं रक्त राहिलं तर पुढचं सगळं फुकट, म्हणून ब्रशने घासायचं. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) सोसणारी हत्यारं ऑटोक्लेव्हमध्येच, आणि नवीन घेताना सोसणारीच घ्यायची. उरलेल्यांना इथिलीन ऑक्साइड किंवा प्लाझ्मा, या कमी उष्णतेवर निर्जंतुक करायच्या पद्धती. काहीच शक्य नसेल आणि ग्लुटारल्डिहाइडच वापरायचं असेल, तर वीस मिनिटांत फक्त साधे जंतू मरतात. पूर्ण निर्जंतुक व्हायला दोन टक्क्यांच्या द्रावणात दहा तास लागतात. द्रावण चालू केल्याची तारीख डब्यावर लिहायची आणि मुदत संपली की ओतून द्यायचं, रंग बरा दिसतो म्हणून ठेवायचं नाही. शेवटचं खंगाळणं ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्यानेच. फिल्टरचं नको, उकळलेलं नको, बिसलरीचंही नको. फॉर्मलीनच्या गोळ्या टाकलेल्या डब्यात रात्रभर हत्यारं ठेवणं ही जुनी सवय आहे, तिच्यावर माझा आता भरवसा नाही.

ऑटोक्लेव्हबद्दल एकच सांगतो. ड्रमवर, म्हणजे गठ्ठे ठेवायच्या डब्यावर, चिकटवलेल्या पट्टीवरचे काळे चट्टे दिसले म्हणजे ड्रम तापला एवढंच कळतं. मधल्या गठ्ठ्यापर्यंत वाफ गेली की नाही हे ती पट्टी सांगत नाही. त्यासाठी गठ्ठ्याच्या पोटात वाफ पोचल्याची खूण दाखवणारा इंडिकेटर ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी जंतूंच्या बीजाणूंची चाचणी लावायची. ड्रम कोंबून भरायचा नाही, आणि बाहेर काढल्यावर त्याची भोकं बंद करायची.

पेशंटने हे कसं विचारायचं? सरळ. "डॉक्टर, दुर्बिणीची हत्यारं निर्जंतुक कशी करता?" चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

जाळी हातात येते तेव्हा

कातडी अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने धुवायची आणि वाळू द्यायची, निदान तीन मिनिटं. ओली ठेवून घाई केली तर जंतूही पुरते मरत नाहीत, आणि खाली साचलेल्या स्पिरिटवर कॉटरीची (रक्त थांबवायच्या विजेच्या हत्याराची) ठिणगी पडली तर पेशंट भाजतो. बेंबी आधी वेगळ्या बोळ्याने.

ओटीत माणसं मोजकी हवीत. जाळीच्या कंपनीचा प्रतिनिधी, शिकायला आलेले दोघं, फोन द्यायला आत-बाहेर करणारा मुलगा, यांच्यासाठी दार उघडतं तेव्हा हवेबरोबर धूळ येते.

जाळीचं पाकीट सगळ्यात शेवटी उघडायचं, आतली जागा तयार झाली, रक्त थांबलं की मग. आधी मुदत आणि सील बघायचं. सर्जन आणि असिस्टंटने वरचे हातमोजे बदलायचे. तोवर घातलेले मोजे तासभर कातडीला लागलेले असतात. जाळी चिमट्याने उचलायची, नव्या कात्रीने कापायची आणि थेट आत ठेवायची. मी शिकत होतो तेव्हा जाळी पोटावर अंथरून, मापून, कापायची पद्धत होती. जिथून जंतू येतात त्याच कातडीवर आम्ही ती पसरायचो! आता चिरेच्या कडा ओल्या कापडाने झाकतो आणि माप मनात घेतो. जांघेला साधारण ७ बाय १५ सेंटिमीटर लागते. घडी पडू द्यायची नाही, कारण घडीत पाणी साचतं.

टाके एकेरी धाग्याचे, प्रोलीनसारखे. जाळी रेशमाने शिवू नये. पिळाच्या धाग्याच्या वेणीत जंतू लपतात आणि वर्षभराने त्याच टाक्यापाशी भोक पडून झरायला लागतं. साचलेलं रक्त-पाणी बाहेर यायला जांघेत नळी ठेवायची सहसा गरज नसते.

उरलेला तुकडा परत निर्जंतुक करून पुढच्या पेशंटला वापरणं, हा आपल्याकडचा अवघड विषय. गरीब पेशंटचे पैसे वाचावेत हा हेतू मला समजतो. पण उघडलेल्या, रक्ताचा हात लागलेल्या तुकड्याची हमी कोण देणार? लहान मापाची सीलबंद जाळी मिळते, ती घ्यावी. पाकिटावरचं स्टिकर पेशंटच्या फाईलला आणि डिस्चार्ज कार्डावर चिकटवायचं. घरी जाताना ते आहे ना, हे नातेवाइकांनी बघावं. पाच वर्षांनी काही झालं तर आत नेमकी कोणती जाळी आहे हे त्याच कागदावरून कळतं.

महागडी जाळी कमी पिकते का

नाही, निदान किमतीच्या हिशेबात तरी नाही. फरक पडतो तो विणीने. मोठ्या भोकांच्या, एकेरी धाग्याच्या जाळीत शरीराच्या पांढऱ्या पेशी शिरू शकतात. काही जाळ्यांची भोकं १० मायक्रॉनपेक्षा लहान असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांत एका मायक्रॉनचा जंतू सहज शिरतो, पांढरी पेशी शिरत नाही. उंदीर बिळात, मांजर दारात.

इथे धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचं नाव घ्यायला हवं. तिथले डॉ. आर. आर. टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं आणि इतर गावांतल्या सर्जनांबरोबरचा अनुभव २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत मांडला. मोठ्या शहरांत तेव्हा भुवया उंचावल्या. २०१६ मध्ये युगांडात रीतसर चाचणी होऊन, मच्छरदाणीच्या आणि कंपनीच्या जाळीत वर्षभराच्या निकालात फारसा फरक नसल्याचं प्रसिद्ध झालं. कापड स्वस्त होतं, त्यामागची शिस्त स्वस्त नव्हती. बाजारातली औषध लावलेली मच्छरदाणी याला चालत नाही, हे सांगायला नको.

आणि जाळीच नको असेल तर? पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी जांघेतल्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरून बिनजाळीची पद्धत बसवली. योग्य पेशंटमध्ये, आणि ती शिकलेल्या सर्जनच्या हातून, हा विचार करण्यासारखा पर्याय आहे. आतडं सडून पू झालेल्या तातडीच्या ऑपरेशनात तर प्लॅस्टिकची जाळी टाळलेलीच बरी. आधी जीव वाचवायचा, भिंतीचं पुढे बघता येतं.

घरी आल्यावर

ड्रेसिंग पहिले दोन दिवस उघडायचं नाही. ओलं झालं किंवा रक्ताने भिजलं तर दवाखान्यातच बदला. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्यावर आंघोळ, जखम न चोळता, आणि स्वच्छ टॉवेलने टिपून कोरडी. विहीर, नदी, पोहण्याचा तलाव महिनाभर नको. जखमेवर हळद नको, राख नको, खोबरेल नको, पावडरही नको. आजीचा हात प्रेमाचा असतो, पण तो आधी साबणाने धुवायला सांगा.

सैल, सुती, उन्हात वाळलेली चड्डी किंवा लंगोट. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र-वैशाखात ऑपरेशन झालं असेल तर जांघेत घाम साचतो, दिवसातून दोनदा बदला. "थंडीत ऑपरेशन केलं की पिकत नाही" असं लोक म्हणतात. थंडीत घाम कमी, एवढंच त्यात खरं. हर्निया दुखत असेल तर त्यासाठी सहा महिने थांबायचं कारण नाही.

अंडकोशाच्या पिशवीवर निळं-काळं उतरणं, थोडी सूज, चिरेखाली दोरीसारखा कडकपणा, हे होतंच. कधी चिरेखाली पाण्याची गाठ होते. मऊ, न तापलेली, वरची कातडी नेहमीच्या रंगाची. ती काही आठवड्यांत आपोआप जिरते. तिच्यात सुई घालून पाणी काढू देऊ नका. गावातल्या कंपाउंडरने दयाबुद्धीने ओढलेलं हे पाणी, हा स्वच्छ जाळीपर्यंत जंतू पोचवायचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. फारच मोठी झाली, दुखायला लागली, तर ऑपरेशन करणाऱ्यानेच, ओटीत, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने काढावी.

मग धोका कधी समजायचा? दुखणं रोज कमी होत होतं आणि पाचव्या-सातव्या दिवशी परत वाढलं. लाली पसरत चालली. जखम हाताला गरम लागते. थंडी वाजून ताप आला. पू किंवा दुर्गंधी. यातलं काहीही झालं तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.

आणि महिन्यांनी, वर्षांनी चिरेवर फुटकुळी येऊन झरायला लागलं, खपली धरते आणि परत फुटते असं झालं, तर ती जाळीतूनच येते असं धरून चाला. शेजारच्या दवाखान्यात दिवसाआड ड्रेसिंग करत वर्ष काढलेले पेशंट मी पाहिलेत.

पिकलीच तर

पहिली सूचना: अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी पू तपासायला जाऊ द्या. वरवरच्या बोळ्यावरचा नको, आतला. उशिरा झरणाऱ्या जखमेत साध्या कल्चरबरोबर मायकोबॅक्टेरियाचं कल्चर मागायचं, नाहीतर आमच्यासारखं "काही उगवलं नाही" असं उत्तर हातात येतं. तपास न करता एकेटी सुरू करू नका. पाण्यातले हे जंतू टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी वेगळी औषधं, एकाहून अधिक आणि कित्येक महिने लागतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर जाळीभोवती पू आहे का ते दिसतं.

जाळी लगेच काढावीच लागते असं नाही. जखम कातडीपुरती असेल तर पू मोकळा करून बहुतेक वेळा भागतं. मोठ्या भोकांची पॉलिप्रॉपिलीनची जाळी उघडी पडली तरी पू काढून, मेलेला भाग साफ करून, गरजेला व्हॅक्यूमचं ड्रेसिंग लावून ती वाचू शकते. ताजी लाल मांसल भर जाळीच्या भोकांतून वर येताना दिसली की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो. बारीक भोकांची जाळी मात्र क्वचितच वाचते. घडी पडून पुवात तरंगणारी कुठलीही जाळी वाचत नाही. ती पूर्ण काढायची, टाक्यांसकट. अर्धी आत सोडली तर झरणं चालूच राहतं.

जाळी काढल्यावर हर्निया परत येईलच असं नाही. आत व्रण धरलेला असतो, काही जणांना तो पुरतो. आला तर घाई नको. कातडी पूर्ण मिटून, काही महिने एकदाही न झरता गेले, शुगर ताब्यात आली, की मग दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करायचा. शक्य असेल तर जुन्या जागेऐवजी दुसऱ्या वाटेने. जाताना जुनी फाईल, कल्चरचे सगळे रिपोर्ट आणि जाळीचं ते स्टिकर सोबत न्या.